‘रोमँटिक’ नावाची जागा कुठेच निघत नाही

पत्र: मी २८ वर्षांची आहे. तत्त्वज्ञानात एम.ए. होऊन चार वर्षं झाली. सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. नेट झाली आहे, जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) थोडक्यात हुकली. जर्मन भाषेची ए२ ही सुरुवातीची पातळी पूर्ण केलीय. एम.ए.ला असताना इंग्रजी अनुवादातून नोव्हालिस आणि फ्रीडरिश श्लेगेल हे अठराव्या शतकाच्या अखेरचे जर्मन रोमँटिक लेखक वाचले, तेव्हापासून यातच संशोधन करायचं डोक्यात आहे. विषयही ठरवलाय: ‘जर्मन रोमँटिक सौंदर्यशास्त्र आणि भारतीय रससिद्धान्त: एक तौलनिक अभ्यास’. हे इथेच करावं की जर्मनीत? जर्मन किती लागेल? पुढे नोकरी मिळेल का? घरचे म्हणतात, आधी कायमची नोकरी बघ, मग हे रोमँटिक वगैरे. आणि सुरुवातीला कोणतं पुस्तक विकत घेऊ?

उत्तर: नोकरीचा प्रश्न तुम्ही तिसरा टाकलाय. आम्ही तो आधी घेतो, कारण विषय, भाषा आणि देश या तिन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात.

‘जर्मन रोमँटिक तत्त्वज्ञान’ या नावाची जागा आपल्याकडे निघत नाही, आणि जर्मनीतही जवळजवळ निघत नाही. आपल्याकडे जाहिरात असते ‘सहायक प्राध्यापक, तत्त्वज्ञान’ अशी, पुढे आरक्षणाच्या रोस्टरप्रमाणे प्रवर्ग. जर्मनीत ती कांट आणि जर्मन आयडियलिझम (कांटनंतरच्या फिख्टे, शेलिंग, हेगेल यांचं तत्त्वज्ञान), सौंदर्यशास्त्र, नाहीतर साहित्य विभागात अर्वाचीन जर्मन साहित्य अशा नावाने येते. अमेरिकेत कांटोत्तर युरोपीय तत्त्वज्ञान म्हणून. थोडक्यात, नोव्हालिस आणि श्लेगेल हे तुमचं संशोधन असेल, पण निवड समितीसमोर तुम्ही बसाल ती कांट नीट शिकवू शकणारी, सौंदर्यशास्त्राचा पेपर घेऊ शकणारी उमेदवार म्हणून. यात कुठलीही लबाडी नाही. जर्मनीतल्या येना शहरात १७९६ ते १८०१ या काळात जमलेली ही मंडळी कांटच्या १७९०च्या तिसऱ्या मीमांसेशी (निर्णयशक्तीच्या मीमांसेशी) आणि फिख्टेच्या १७९४-९५च्या ज्ञानशास्त्राशीच भांडत होती. ज्याला ते भांडण कळत नाही त्याला श्लेगेलची फ्रॅगमेंट्स (छोटे सुटे परिच्छेद) म्हणजे सुविचारांची वही वाटते.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात तर तुमच्या वाट्याला तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, भारतीय दर्शनं आणि समाज-राजकीय तत्त्वज्ञान येणार. नेटच्या तत्त्वज्ञान पेपरचे दहा घटक पाहिलेत तर त्यांत सौंदर्यशास्त्राला स्वतंत्र घटकच नाही. तेव्हा सध्या शिकवताय ते मन लावून शिकवा. तासिका तत्त्वावर का होईना, कोणते पेपर किती सत्रं घेतले याचं लेखी पत्र प्राचार्यांकडून दर वर्षी घेत जा. ते नंतर मागायला गेलं की मिळत नाही.

घरच्यांचं म्हणणं त्यामुळे अर्धं बरोबर आहे. अर्धं चूक अशासाठी, की अनुदानित महाविद्यालयातली कायम जागा शासनाची मान्यता, रोस्टर तपासणी, जाहिरात अशा साखळीतून येते आणि ती कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. ‘आधी नोकरी, मग संशोधन’ असं म्हणत थांबलं तर दोन्हींची वर्षं जातात. नेट असल्यामुळे पात्रता तुमच्याकडे आहेच, राज्याची वेगळी सेट परीक्षा द्यायची गरज नाही.

आता विषयाकडे. तुम्ही ठरवलेला विषय सोडून द्या.

हा विषय आपल्याकडच्या आरआरसीत (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीत) पटकन मंजूर होतो, हेच त्यातलं आमिष. मग पुढे काय होतं? पहिली दोनशे पानं रससिद्धान्ताचा सारांश, दुसरी दोनशे जर्मनांचा, आणि शेवटी तीस पानं साम्यस्थळे व भेदस्थळे. दोन डोंगरांच्या मध्ये ‘आणि’ हा एकच शब्द उभा. परीक्षक कांटचा अभ्यासक असेल तर तो रसावर काही बोलणार नाही, संस्कृतचा असेल तर श्लेगेलवर बोलणार नाही, आणि प्रबंध पास होईल. पण त्यातून एकही लेख कुठल्या चांगल्या नियतकालिकात जाणार नाही. रसावर मूळातून काही म्हणायचं तर नाट्यशास्त्रासोबत त्यावरचं अभिनवगुप्ताचं भाष्य संस्कृतमधून वाचता आली पाहिजे. संस्कृत येत असेल तर पत्रात तुम्ही तसं लिहिलं असतंत.

शिवाय ऐतिहासिक घोटाळा होतो. भारतीय विचाराचा रोमँटिक सौंदर्यशास्त्रावर प्रभाव, असं एक प्रकरण अशा प्रबंधांत हटकून असतं. कालक्रम पाहा. शाकुंतलाचं गेओर्ग फोर्स्टरने केलेलं जर्मन भाषांतर १७९१चं, तेही विल्यम जोन्सच्या इंग्रजी भाषांतरावरून. फ्रीडरिश श्लेगेलने १८०० मध्ये पूर्वेकडे बोट दाखवलं खरं, पण संस्कृत तो शिकला १८०३ नंतर, पॅरिसमध्ये, अलेक्झांडर हॅमिल्टनकडे. भारतीयांच्या भाषेवरचं आणि प्रज्ञेवरचं त्याचं पुस्तक आलं १८०८ मध्ये, म्हणजे येनाचा गट पांगून बरीच वर्षं झाल्यावर. त्याच वर्षी तो कॅथलिकही झाला. तरुण श्लेगेल आणि उत्तरकालीन श्लेगेल हे जवळजवळ दोन लेखक आहेत, आणि एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालणं ही या क्षेत्रातली नेहमीची चूक आहे.

भारताचा खरा धागा हवाच असेल तर तो मोठ्या भावाकडे आहे. आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल १८१८ मध्ये बॉन विद्यापीठात गेला आणि १८२३ मध्ये त्याने भगवद्गीता देवनागरीत, लॅटिन भाषांतरासह छापली. भाषांतराचा रोमँटिक सिद्धान्त आणि हे प्रत्यक्ष भाषांतर यांचा मेळ बसतो का, हा उत्तम विषय आहे. पण त्याला जर्मनबरोबर संस्कृत आणि लॅटिनही लागेल. दुसरा धागा घराजवळचा आहे. कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३०च्या दशकात आपल्या अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचे संचालक होते, आणि त्यांनी कांटवरही विचार केला, रसावरही. तिथे तुलना बाहेरून लादावी लागत नाही, एकाच माणसाच्या डोक्यात ती झालेली आहे. तो विषय मात्र रोमँटिकांचा उरत नाही.

तुमच्यासाठी आम्ही सुचवू ते असं: एक ग्रंथ, एक प्रश्न. श्लेगेल बंधूंच्या ‘आथेनेउम’ या नियतकालिकातलं ५३ क्रमांकाचं फ्रॅगमेंट घ्या. श्लेगेल म्हणतो, व्यवस्था असणं आणि नसणं दोन्ही मनाला सारखंच मारक, तेव्हा दोन्ही एकत्र करायचं ठरवावंच लागेल. दोन वाक्यांचं हे फ्रॅगमेंट. ‘एकत्र करणं’ म्हणजे नेमकं काय यावर गेली काही दशकं खरी लढाई चालू आहे. मानफ्रेड फ्रांक या अभ्यासकाचं म्हणणं, की रोमँटिकांनी पायाभूत तत्त्वाची आशाच सोडली आणि ज्ञान म्हणजे न संपणारं जवळ जाणं असं मानलं, म्हणून ते आयडियलिस्टांपासून वेगळे. फ्रेडरिक बायझर यांच्या मते ते निरपेक्ष आयडियलिझमच्याच घरातले, प्लेटोचं बोट धरून आलेले. तुम्ही कोणत्या बाजूला, आणि कोणत्या ओळीच्या आधारावर? इथे प्रबंध सुरू होतो.

किंवा कांटच्या तिसऱ्या मीमांसेतलं ४९वं कलम घ्या, जिथे तो सौंदर्यात्म कल्पना म्हणजे कुठल्याच संकल्पनेत न मावणारी प्रतिमा असं मांडतो, आणि विचारा: श्लेगेलची ‘पोएझी’ हे याचंच लांबवलेलं टोक आहे की कांटने घातलेलं कुंपण तोडणं आहे? हा विषय नोकरीच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित, कारण कांटचा कुठलाही अभ्यासक तो दोन वाक्यांत समजून घेईल. मराठीतही त्याला पाठबळ आहे. रा. भा. पाटणकरांनी कांटच्या सौंदर्यविचारावर मराठीत सविस्तर लिहून ठेवलंय, आणि परिभाषेची निम्मी झटापट त्यांनी आपल्यासाठी करून ठेवली आहे. तिसरी दिशा कारोलिने फॉन ग्युंडररोडे या कवयित्रीची. अवघं २६ वर्षांचं आयुष्य, पण फिख्टे आणि शेलिंग वाचताना काढलेल्या तिच्या टिपणांवर तत्त्वज्ञानाच्या बाजूने काम आत्ता कुठे वाढतंय. गर्दी कमी आहे.

जर्मन किती लागेल? एका वाक्यावरून सांगतो. नोव्हालिसच्या ‘ब्ल्यूटेनश्टाउब’ या फ्रॅगमेंट-संग्रहातलं पहिलंच फ्रॅगमेंट: आपण सगळीकडे निरुपाधिक (कशावरही अवलंबून नसलेलं) शोधतो आणि सापडतात त्या नेहमी वस्तूच. मराठीत हे गंभीर आणि थोडं उदास वाटतं. जर्मनमध्ये शोधतो ते ‘उनबेडिंग्टे’ आणि सापडतात त्या ‘डिंगे’. ‘डिंग’ म्हणजे वस्तू, आणि ‘बेडिंग्ट’ म्हणजे कशावर तरी अवलंबून असलेलं, पण शब्दाच्या पोटात वस्तू बसलेली. जे वस्तू होऊच शकत नाही त्याला आपण वस्तूंमध्ये शोधतोय, हा सगळा युक्तिवाद त्या एका शब्दखेळात आहे. अनुवादात युक्तिवाद जातो, उसासा तेवढा उरतो. अनुवादावर प्रबंध लिहिणाऱ्यांचं हेच होतं: ते उसाशावर प्रकरणं लिहितात.

‘विट्झ’ हा दुसरा सापळा. आजच्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ विनोद, आणि तुमच्या ए२च्या पुस्तकातही तोच असेल. पण अठराव्या शतकात विट्झ म्हणजे दूरच्या दोन गोष्टींतलं लपलेलं साम्य झटकन दिसण्याची शक्ती. ‘पोएझी’ म्हणजे फक्त कविता नव्हे, आणि ‘रोमांटिश’मध्ये ‘रोमान’ म्हणजे कादंबरी दडलेली आहे. अर्थात ‘रोमँटिक’ म्हटल्यावर घरच्यांना काय आठवतं याला इलाज नाही. अशा शब्दांसाठी आजचा शब्दकोश बाजूला ठेवायचा. ग्रिम बंधूंनी सुरू केलेला मोठा कोश आणि आडेलुंगचा कोश, दोन्ही आंतरजालावर फुकट आहेत. आडेलुंगची दुसरी आवृत्ती १७९३ ते १८०१ मधली, म्हणजे श्लेगेल लिहीत होता त्याच वर्षांतली. याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

आता हिशेब. ए२ ते बी२ (मध्यम पातळीचा वरचा टप्पा) या प्रवासाला साधारण ४०० ते ४५० तासिका लागतात, एक तासिका ४५ मिनिटांची. म्हणजे वर्गाचे तीनशेच्या वर तास, आणि घरचा अभ्यास तेवढाच. आठवड्याला दहा तास दिलेत तर चौदा-पंधरा महिने. वर्ग पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटचे असोत, मॅक्स म्युलर भवनचे असोत की सांगलीत बसून ऑनलाइन, हा आकडा फारसा हलत नाही. (ज्यांच्या नावाचं ते भवन आहे ते मॅक्स म्युलर स्वतः १८४४ मध्ये बर्लिनला शेलिंगच्या व्याख्यानांना बसले होते.) मूळ ग्रंथ वाचायला बी२ हा उंबरठा समजा. जर्मनीत जर्मनमधून प्रबंध लिहायचा तर त्याच्या वरची सी१ पातळी लागेल. प्रबंध इंग्रजीत लिहायला पुष्कळ विद्याशाखा परवानगी देतात, पण चर्चासत्रं जर्मनमध्येच चालतात.

बी२ होईपर्यंत मूळ ग्रंथाला हात लावायचा नाही, असं मात्र करू नका. रोज एक फ्रॅगमेंट घ्या, दहा ओळींच्या आतलं. हाताने उतरवून काढा, क्रियापदं अधोरेखित करा, स्वतः मराठी करा, मग इंग्रजी अनुवाद उघडा. तुमचं आणि अनुवादकाचं जिथे जुळत नाही ती जागा वहीत टिपा. सहा महिन्यांत ही वही तुमच्या आराखड्याचा कच्चा माल होईल. इंग्रजीतून मराठी करण्याचा मोह टाळा. ते वेगाने होतं, पण त्यातून जर्मन येत नाही.

जुन्या छपाईचा फ्राक्टूर टाइप शिकायला दोन आठवडे पुरे. त्यात लांब ‘एस’ आणि ‘एफ’ यांची गफलत होते. आडवी रेघ दांड्याच्या आरपार गेली तर ‘एफ’, फक्त डाव्या बाजूला टोक असेल तर ‘एस’. हस्तलिखितांची कुरेंट लिपी ही वेगळी मेहनत आहे. फ्रँकफुर्टच्या फ्रायेस डॉइचेस होखश्टिफ्टमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या संग्रहात बसायची वेळ येईल तेव्हा ती शिका.

आवृत्त्यांबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण इथे घसरलेले प्रबंध आवृत्त्या माहीत असणाऱ्याला पहिल्या वीस पानांतच ओळखू येतात. ‘आथेनेउम’ हे नियतकालिक १७९८ ते १८०० चाललं. १७९८च्या दुसऱ्या अंकातली ४५१ फ्रॅगमेंट्स निनावी छापली होती. ती सगळी फ्रीडरिशची नाहीत. आउगुस्ट विल्हेल्म, श्लायरमाखर आणि नोव्हालिस यांचीही त्यांत आहेत. ‘श्लेगेल म्हणतो’ असं लिहिण्याआधी ते फ्रॅगमेंट कुणाचं मानलं जातं हे श्लेगेलच्या समीक्षित (मूळ पाठ तपासून संपादित केलेल्या) आवृत्तीच्या दुसऱ्या खंडात तपासायचं. तसंच ‘ब्ल्यूटेनश्टाउब’चं. पहिल्या अंकात ते नोव्हालिसच्या नावाने आलं, पण फ्रीडरिशने त्यात स्वतःची काही फ्रॅगमेंट्स घातली आणि नोव्हालिसची काही बाहेर काढली. मूळ हस्तलिखिताचा पाठ वेगळा आहे आणि समीक्षित आवृत्तीत दोन्ही मिळतात.

नोव्हालिसचा ‘फिख्टे-अभ्यास’ तर पुस्तकच नाही. १७९५-९६ मध्ये काढलेली ती टिपणं आहेत. त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत, शीर्षक संपादकांनी दिलं, आणि पानांचा क्रम हस्ताक्षराच्या अभ्यासावरून लावला. म्हणून ‘नोव्हालिस या ग्रंथात असा निष्कर्ष काढतो’ हे वाक्य लिहिता येत नाही. तो तिथे विचार करून पाहतोय, पुढच्या पानावर तोच विचार मोडूनही काढतो. १८०२ मध्ये लेखक लुडविग टीक आणि फ्रीडरिश श्लेगेल यांनी नोव्हालिसचं लेखन निवडून, गटवारी लावून छापलं. जुने अनुवाद त्या परंपरेवर उभे आहेत, आणि त्यांत वेगवेगळ्या वर्षांची टिपणं शेजारी शेजारी बसलेली असतात.

तेव्हा उद्धृतं द्यायची ती श्लेगेलसाठी १९५८ पासून निघत असलेल्या समीक्षित आवृत्तीची, नोव्हालिससाठी कोलहामरच्या ऐतिहासिक-समीक्षित आवृत्तीची, कांटसाठी अकादमी आवृत्तीची, आणि तीही खंड व पान या पद्धतीने. या आवृत्त्या महाग आहेत, सगळे खंड इथे एका जागी मिळणं कठीण. त्यामुळे संशोधन भारतात केलंत तरी जर्मनीतल्या ग्रंथालयात काही महिने बसणं आराखड्यातच धरा.

इथे की तिथे, याचा निर्णय तुमच्या एम.ए.च्या तारखेवर आहे. डाड या जर्मन विनिमय संस्थेची डॉक्टरेट शिष्यवृत्ती मागताना शेवटची पदवी मिळून साधारण सहा वर्षांहून जास्त काळ झालेला चालत नाही. तुमची चार झाली आहेत. बी२ला चौदा-पंधरा महिने आणि अर्जाची एक फेरी, एवढंच बसतं. म्हणून आमचं मत असं, की पुढची दोन वर्षं जर्मनीच्या दिशेने घालवा. त्या काळात जेआरएफसाठी नेट पुन्हा द्या. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, पण महिलांना पाच वर्षांची सूट आहे, त्यामुळे वयाचा घोर नको. जेआरएफ झाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, वर घरभाडं. मग इथे राहूनही काम नीट करता येतं. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्याही पीएच.डी. फेलोशिप आहेत, तुमच्या प्रवर्गाप्रमाणे त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

जर्मनीत प्रवेश परीक्षा नसते. आधी मार्गदर्शक मिळवायचा, त्याचं लेखी संमतिपत्र घ्यायचं, मग विद्याशाखा तुम्हाला डॉक्टरेटची उमेदवार म्हणून स्वीकारते. पहिला ईमेल अडीचशे शब्दांच्या आत. त्यांच्या कुठल्या लेखातला कोणता मुद्दा तुमच्या प्रश्नाला भिडतो हे पहिल्या दोन ओळींत, आणि ‘मला तुमच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट करायची आहे’ हे स्पष्ट. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. सोबत दोन पानी आराखडा, एक पानी परिचय आणि विचारल्यास देता येईल असा वीसेक पानांचा लेख तयार. एकाच विभागातल्या तिघांना एकच मजकूर पाठवलेला कळतो, ते एकमेकांशी बोलतात. उत्तराची तीन आठवडे वाट पाहून एकदाच आठवण करा. वर्ग साधारण मध्य ऑक्टोबर ते मध्य फेब्रुवारी आणि मध्य एप्रिल ते मध्य जुलै चालतात. ऑगस्टमध्ये पाठवलेला ईमेल बुडाला असं समजा.

संमती आल्यावर पूर्ण आराखडा सात-आठ पानांचा करा. त्यात प्रश्न, ग्रंथ, त्यावर आत्तापर्यंत कोण काय म्हणालं, तुमचा हस्तक्षेप कुठे, आणि सत्रवार वेळापत्रक. बहुतेक आराखडे पहिल्याच पानावर फसतात, कारण ते रोमँटिक चळवळीचा इतिहास सांगत बसतात. मार्गदर्शकाला तो माहीत असतो.

डॉक्टरेटनंतर जर्मनीतच राहायचं असं आत्ताच मनात धरू नका. विद्यापीठातल्या मुदतबंद नोकऱ्यांना कायद्याने साधारण डॉक्टरेटआधी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा आहे. प्राध्यापकपद नाही मिळालं तर चाळिशीत माणूस बाहेर पडतो. डॉक्टरेटच्या काळातली पदं बहुधा अर्ध्या किंवा दोन तृतीयांश वेळेची असतात. आणखी एक गोष्ट आपल्याकडे माहीत नसते. तोंडी परीक्षा झाली तरी प्रबंध प्रकाशित होईपर्यंत नावाआधी ‘डॉक्टर’ लावता येत नाही. वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताचा रोमँटिक कलासमीक्षेवरचा १९१९चा बर्नचा प्रबंध या क्षेत्रात आजही वाचावाच लागतो. त्याच बेन्यामिनला प्राध्यापकीसाठी लागणारा पुढचा प्रबंध १९२५ मध्ये फ्रँकफुर्टला मागे घ्यावा लागला होता.

दोन वर्षांत बी२ झालं नाही किंवा शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर इथे नोंदणी करा. त्यासाठी नेटचा गुण ताजा लागेल: तुमची सहायक प्राध्यापकाची पात्रता कायम राहते, पण पीएच.डी. प्रवेशासाठी जेआरएफ नसलेल्यांचा गुण एकच वर्ष धरतात. मार्गदर्शक निवडताना ‘रोमँटिक’वाला शोधू नका, मिळणार नाही. कांट किंवा हेगेल मूळातून शिकवणारा शोधा. त्याच्याकडे जागा आहे का हेही विचारा, कारण २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायककडे चारच संशोधक असू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवे घेता येत नाहीत. मुंबई आयआयटीचा मानव्य विभाग, हैदराबाद विद्यापीठ, जेएनयू हे पर्याय पुण्या-मुंबईबरोबर पाहा. जेएनयूत तत्त्वज्ञान आणि जर्मन हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, याचा सहमार्गदर्शनासाठी उपयोग होतो. त्याच नियमांनी लेख छापण्याची सक्ती काढून टाकली आहे, तेव्हा पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांकडे फिरकू नका. तसला एक लेख परिचयपत्रात असला तर जर्मनीतला मार्गदर्शक तोच आधी उघडून बघतो. ‘सिंफिलोसोफी’ हे या विषयाला वाहिलेलं नियतकालिक २०१९ पासून आंतरजालावर मोफत आहे. त्यातली ग्रंथपरीक्षणं वाचलीत तर सध्या वाद कुठे चाललेत ते कळेल.

आणि पुस्तक. समीक्षित आवृत्तीच्या मागे आत्ता लागू नका. श्लेगेलच्या निवडक लेखनाची रेक्लाम प्रकाशनाची पिवळी, खिशात मावणारी पुस्तिका मागवा. स्वस्त असते, समासात पेन्सिलीने लिहायला जीव हळहळत नाही. शोधप्रबंधात तिच्यावरून उद्धृत करायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. ५३ क्रमांकापासून सुरू करा, आणि मग ११६ला जा. ते पानभर लांब आहे, त्याला आठवडा द्या.